कुकडीकाठची श्वानफेरी आणि इटालियन पंगत

पुणे-नाशिक महामार्गावर पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर नारायणगाव लागते. तेथून पूर्वेकडे वळले की कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे जुन्नर तालुक्यातील गाव आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि नाणेघाट यांच्या ओढीने जुन्नरला येणारे पुणे-मुंबईकर सहसा या गावाकडे वळत नाहीत. मात्र पाळलेल्या कुत्र्याला सोबत घेऊन मोकळ्या हवेत एक दिवस घालवावा, त्या निमित्ताने मुक्या प्राण्यांसाठी चार पैसे उभे करावेत आणि शेवटी सर्वांनी मिळून निवांत इटालियन भोजन करावे, असा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या परिसराचा अवश्य विचार करावा.

या बेताला लागणारे बहुतेक जिन्नस जुन्नर-आंबेगावच्या मातीतच पिकतात. त्याचबरोबर या बेतातले धोकेही याच मातीतले आहेत. बिबट्याचा वावर, पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती आणि कुत्र्याला न चालणारी द्राक्षे व कांदे यांची माहिती नसेल, तर सहलीचा आनंद क्षणात मावळू शकतो. म्हणून या दिवसाची आखणी कशी करावी आणि जमलेला निधी कोठे लावावा, याचा येथे विचार केला आहे.

गावाची ओळख

बोरीचे नाव भूगर्भशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळतो. १९८०च्या दशकापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी आणि इतर अभ्यासकांनी त्याचा अभ्यास केला. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचे मानले जाते. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. याच परिसरात अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी आणि इतर दगडी हत्यारेही सापडली आहेत.

राखेचा हा थर म्हणजे पुन्हा न मिळणारा पुरावा आहे. कुत्र्याला माती उकरण्याची उपजत खोड असते. त्यामुळे फेरीचा मार्ग या थरांपासून दूर ठेवावा आणि आठवण म्हणून राख किंवा दगड कोणी उचलून नेऊ नयेत. गावातील जाणत्या माणसाला सोबत घेतल्यास थर लांबून दाखवताही येतो आणि जपताही येतो.

श्वानफेरीची कल्पना

मदतनिधीसाठी चालण्याची प्रथा विलायतेत रुजलेली आहे. चालणाऱ्याने आप्तमित्रांकडून वर्गणी घ्यायची, ठरलेले अंतर पार करायचे आणि जमलेली रक्कम संस्थेला द्यायची, असे तिचे स्वरूप असते. श्वानफेरीत चालणाऱ्याबरोबर त्याचा कुत्राही असतो. इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे २०१२ मध्ये झालेल्या 'ग्रेट नॉर्थ डॉग वॉक'मध्ये २२ हजारांहून अधिक कुत्रे सामील झाले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली.

कुत्र्यांसाठी लोकांनी रस्त्यावर येणे आपल्याकडेही नवे नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठी दंगल उसळली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले होते. पारशी समाजाने याला प्रथम विरोध केला आणि मग इतर समाजही त्यात उतरले. दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीचा अन्नपुरवठा अडला. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय याच संस्थेचे. अलीकडच्या काळात १९८५ पासून 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था मुंबईत भटक्या कुत्र्यांसाठी काम करीत आहे.

केंद्र सरकारने २००१ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी करावी, त्याला रेबीजची लस टोचावी आणि जेथून आणला तेथेच सोडावे, हे या नियमांचे सूत्र होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्या वर्षी २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर कोठेही खाऊ न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असे बजावले. वाटेत दिसेल त्या कुत्र्याला बिस्किटे टाकत जाण्याची हौस फेरीतील मंडळींनी आवरलेलीच बरी.

निधी कशासाठी?

अशा फेऱ्यांतून जमलेला पैसा बहुधा शहरातील निवाऱ्यांकडे जातो. तेथेही गरज आहेच. परंतु फेरी खेड्यात काढायची असेल, तर निधीवर पहिला हक्क त्या खेड्यातील कुत्र्यांचा असला पाहिजे. वाड्या-वस्त्यांवरची कुत्री कोणाच्या ना कोणाच्या भाकरीवर जगतात, रात्री गोठ्याची राखण करतात. पण त्यांतल्या अनेकांच्या अंगाला लसीची सुई कधी लागलेली नसते. ज्या महाराष्ट्रात खंडोबाच्या आणि दत्तगुरूंच्या चित्रात कुत्र्याला मानाची जागा आहे, तेथे हे चित्र शोभणारे नाही.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र तो टाळणे माणसाच्या हाती आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका मुलाला ही लस प्रथम टोचली. त्यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे नियमित लसीकरण झाले, तर त्यांच्यातील संसर्गाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका घरच्या लाडक्या कुत्र्याला वेळेवर लस देऊन भागत नाही, ते याच कारणाने.

गोव्याचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. तेथे 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून हजारो कुत्र्यांना लस टोचली. शाळांतून मुलांना माहिती दिली आणि संशयित कुत्र्यांवर लक्ष ठेवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ पासून पुढील अभ्यासकाळात माणसाचा एकही बळी गेला नाही. एका राज्याला जे जमले, ते एका गावाच्या पातळीवर करून पाहणे कठीण नाही.

फेरीच्या दिवशीच गावात पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरणाचे शिबिर ठेवावे. लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करावी. त्याच्या धन्याचे नाव, तारीख आणि पुढील वर्षीची मुदत वहीत लिहून ती वही ग्रामपंचायतीकडे द्यावी. निधी संस्थेमार्फत खर्च होणार असेल, तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे की नाही ते पाहावे आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

कुत्रा चावल्यास काय करावे, हेही शिबिरात सांगावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि ताबडतोब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावणे घातक आहे. हा उतारा आजही अनेक घरांत सुचवला जातो. ओरखडा लहान आहे म्हणून घरी बसण्याची चूक जिवावर बेतते.

बिबट्याचा मुलूख

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके वन विभागाच्या जुन्नर विभागात येतात. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांमुळे येथील शेती बागायती झाली. उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या दाट फडात बिबट्याला दडायला, पिल्ले वाढवायला जागा मिळाली. वस्तीजवळच्या शेळ्या आणि कुत्री हे त्याला सहज मिळणारे भक्ष्य.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात आढळलेल्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. गावाची राखण करणारा कुत्राच बिबट्याचे मुख्य अन्न ठरला आहे.

बिबट्या पकडून दूर सोडला की प्रश्न सुटतो, हा समजही येथेच खोटा ठरला. २००१ पासून या विभागात पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्याचे प्रमाण वाढले. त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरापर्यंत गेल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. माणिकडोह येथे वन विभाग आणि 'वाइल्डलाइफ एसओएस' यांचे बिबट निवारा केंद्र आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला आणि संतप्त नागरिकांनी मंचरजवळ महामार्ग रोखून धरला. सहलीला येणाऱ्याने या दुःखाची जाण ठेवूनच गावात पाऊल टाकावे.

इटलीच्या आब्रुझ्झो प्रांतातील धनगर आपल्या कळपाच्या कुत्र्यांच्या गळ्यात लांडग्यांपासून बचावासाठी लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. पिंपरखेडच्या घटनांनंतर शेतात जाणारी माणसेच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली, अशी छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती.

फेरी कशी आखावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. उन्हाळ्यात तापलेल्या डांबराने कुत्र्याचे पंजे पोळतात, तर पावसाळ्यात चिखल आणि गोचिड्या यांचा त्रास होतो. बिबट्याचा वावर संध्याकाळ ते पहाट या वेळेत अधिक असतो. म्हणून फेरी सूर्य चांगला वर आल्यावर, साधारण आठ वाजता सुरू करून दहापर्यंत संपवावी. अंतर तीन-चार किलोमीटरपेक्षा जास्त नसावे. अंधार पडण्यापूर्वी मंडळी परतीच्या मार्गाला लागलेली असावीत.

काही पथ्ये काटेकोरपणे पाळावीत. ग्रामपंचायतीची संमती आणि पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. वन कर्मचाऱ्यांना मार्ग दाखवून त्या आठवड्यात तेथे बिबट्या दिसला आहे काय, याची विचारणा करावी. मार्ग उघड्या रस्त्याने असावा. उसाच्या फडाला लागून जाणारी पायवाट टाळावी. प्रत्येक कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला प्रवेशाच्या वेळी तपासावा. पट्टा पूर्ण वेळ हातात असावा आणि तो आखूड असावा. लहान मुलांच्या हाती मोठा कुत्रा देऊ नये. माजावर आलेली कुत्री, आजारी कुत्री आणि चार महिन्यांखालील पिल्ले घरीच ठेवावीत.

गावकुत्र्यांच्या दृष्टीने हा त्यांचा इलाखा आहे. शहरी कुत्रे आले की ती भुंकत अंगावर येणारच. त्यांना दगड मारू नये. ज्याच्या दारची कुत्री आहेत त्याने त्यांना तेवढा वेळ बांधून ठेवावे, अशी विनंती आदल्या दिवशी घरोघर जाऊन करावी. या निमित्ताने शिबिराचे निमंत्रणही पोहोचते. पिण्याचे पाणी शहरातून आणलेले असावे आणि कुत्र्याची विष्ठा उचलून परत न्यावी; शेतकऱ्याचा बांध ही बाग नव्हे. गाडीची काच किंचित उघडी ठेवून कुत्र्याला आत कोंडणे हिवाळ्यातील दुपारीही धोक्याचे असते.

पंगत इटलीची, जिन्नस जुन्नरचे

इटालियन भोजन म्हटले की शहरातील महागडे उपाहारगृह डोळ्यांपुढे येते. बोरीत तशी सोय शोधू नये. एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात किंवा कृषिपर्यटन केंद्रात, आधी ठरवून, स्वतः रांधलेली पंगत हा अधिक चांगला मार्ग आहे. इटालियन स्वयंपाकाचे मर्म थोड्या पण ताज्या जिन्नसांत असते. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाकपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीचाही या यादीत समावेश झाला.

पहिला जिन्नस टोमॅटो. नारायणगावची टोमॅटो बाजारपेठ राज्यभर प्रसिद्ध आहे. २०२३च्या जुलैत येथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव गेला होता. इतर हंगामांत हाच माल रस्त्यावर ओतण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखट मातीत 'सान मार्झानो' हा लांबट, गरदार टोमॅटो पिकतो. आपला बाजारी टोमॅटो अधिक रसाळ आणि आंबट असतो. त्यामुळे सॉससाठी तो सोलून, बिया काढून, मंद आचेवर जास्त वेळ आटवावा लागतो.

दुसरा जिन्नस चीज. आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'पराग मिल्क फूड्स'चा दुग्धप्रकल्प आहे आणि तेथे मोझरेला चीजही तयार होते. इटलीच्या कांपानिया प्रांतातील नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचा असतो, हे म्हशीच्या दुधावर वाढलेल्या मराठी माणसाला ऐकायला गोड वाटेल.

तिसरा जिन्नस गहू. सुका पास्ता 'ड्युरम' गव्हाच्या रव्याचा करतात. हाच आपल्याकडचा बन्सी गहू. खिरीसाठी वापरला जाणारा खपली गहू इटलीत 'फार्रो' या नावाने सूप आणि कोशिंबिरीत घालतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी आणि खपली या दोन्हींच्या सुधारित जाती विकसित केल्या आहेत.

द्राक्षांची गोष्ट वेगळी आहे. नारायणगावजवळ १९८०च्या दशकात 'शातो इंडाज' हा वाइननिर्मितीचा प्रकल्प उभा राहिला आणि त्याची 'ओमर खय्याम' ही फेसाळती वाइन परदेशातही गेली. हा उद्योग पुढे आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला. जुन्नरची द्राक्षे मात्र आजही बाजारात नाव राखून आहेत.

इटालियन पंगतीचा क्रम ठरलेला असतो. आरंभी तोंडी लावण्याचे हलके पदार्थ, त्यानंतर पास्ता किंवा भात, मग मुख्य पदार्थ व त्याच्या जोडीला भाजी आणि शेवटी गोड. बोरीच्या पंगतीत प्रथम भाजलेल्या पावावर टोमॅटो व तुळशीसारखे 'बेसिल', मग खपलीची कोशिंबीर, बन्सीच्या रव्याचा हाताने लाटलेला पास्ता, चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेली वांगी व मोझरेला आणि शेवटी ताजी फळे, असा बेत सहज जमतो. स्वयंपाकात गावातील बचत गटाच्या महिलांना मोबदला देऊन सामील करून घ्यावे. यजमान घरच्या मंडळींना सोबत पानावर बसवावे. वाढप्याची भूमिका त्यांच्यावर लादू नये.

कुत्र्याचे पान वेगळे

पंगतीच्या वेळी कुत्र्याला ताटातला घास देण्याचा मोह होतो. नेमके हेच टाळावे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. इटालियन सॉसमध्ये हे दोन्ही असतात. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्षातील टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते. त्यामुळे द्राक्षबागेत कुत्रा मोकळा सोडू नये आणि चिंचेखाली पडलेली बोटुकेही त्याला चघळू देऊ नयेत.

पिझ्झाचे कच्चे पीठ पोटात फुगते आणि आंबताना मद्यार्क तयार करते. 'तिरामिसू'मधील कोको व कॉफी, तसेच साखरेऐवजी 'झायलिटॉल' घातलेले गोड पदार्थ विषारी ठरतात. शिजवलेली हाडे टोचतात आणि खारट, तेलकट चीज पचत नाही. कुत्र्याला त्याचे नेहमीचे अन्न आणि भरपूर पाणी द्यावे. त्याने चुकून वर्ज्य पदार्थ खाल्ला, तर उलटी होण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला गाठावे. यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ निघण्यापूर्वीच टिपून ठेवावी.

फेरीचा हिशेब

अशा कार्यक्रमांचा अहवाल बहुधा किती माणसे आली आणि किती छायाचित्रे काढली यावर संपतो. बोरीसारख्या गावात फेरी काढणाऱ्यांनी वेगळा प्रघात पाडावा. पंगत बसण्यापूर्वी त्या दिवशी किती गावकुत्र्यांना लस मिळाली, किती राहिली, निधी किती जमला आणि खर्च किती झाला, हे चार आकडे सर्वांसमोर वाचून दाखवावेत. राहिलेल्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यक पुन्हा कोणत्या तारखेला येणार, तेही तेथेच ठरवावे.

लस दरवर्षी द्यावी लागते. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात त्याच गावात पुन्हा येण्याची तयारी असेल, तरच ही फेरी काढावी. गेल्या वर्षी नोंदलेल्या वहीतील नावे घेऊन आयोजक पुन्हा दारात उभे राहिले, की घरधनी स्वतःहून कुत्रे धरून आणतो. त्यानंतरचे जेवण मग इटालियन असो वा पिठलेभाकरी, ते गोडच लागते.